एका गोळीचे काडतूस: बारा बोअरचा स्लग कसा चालतो आणि तो घरी का भरायचा नसतो

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि महाराष्ट्रात घरोघरी नेमबाजीची चर्चा सुरू झाली. त्याच ऑलिंपिकमध्ये शॉटगनच्या स्कीट मिश्र सांघिक प्रकारात माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नारुका यांचे कांस्यपदक एका गुणाने हुकले, त्याची मात्र फारशी कुणाला आठवण नाही. रायफल आणि पिस्तूल आपल्याला टीव्हीवर पाहून ओळखीचे झाले आहे. शॉटगन म्हटले की नागपूरकडच्या माणसाला अजून मालगुजाराच्या वाड्यातली दुनळी आठवते.

त्यात आता मोबाइलवर वेगळेच व्हिडिओ फिरतात. अमेरिकेतला कुणी गृहस्थ गॅरेजमध्ये शिसे वितळवतो, साच्यात ओततो, चकचकीत गोळी बाहेर काढतो, वापरलेल्या काडतुसाच्या पुंगळीत दारू भरून तिच्यावर ती गोळी बसवतो आणि दुपारी स्पर्धेला जातो. हे पाहून नेमबाजी शिकणारी मुले आणि त्यांचे पालक विचारतात, की काडतुसे एवढी महाग आहेत तर आपणही असे का करू नये? प्रश्न रास्त आहे. 'कायद्याने बंदी आहे' एवढे उत्तर देऊन तो मिटत नाही, कारण बंदी का आहे हे कळल्याशिवाय माणूस ती मनापासून पाळत नाही. म्हणून मुळापासून पाहू. त्या व्हिडिओत शिसे ओतण्याचे काम सर्वांत नाट्यमय दिसते, पण ते सर्वांत सोपे असते. अवघड भाग पुंगळीच्या आत घडतो आणि कॅमेऱ्याला तो दिसतच नाही.

'बारा' हा आकडा कशाचा?

रायफलच्या नळीचे माप मिलिमीटरमध्ये किंवा इंचात सांगतात. शॉटगनचे माप जुन्या पद्धतीने चालते. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शुद्ध शिसे घ्यायचे आणि त्याचे बारा सारखे गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बारा बोअरची. असा गोळा ३७.८ ग्रॅमचा होतो आणि त्याचा व्यास भरतो साडेअठरा मिलिमीटर. वीस बोअरसाठी त्याच पौंडाचे वीस गोळे होतात, म्हणून ती नळी अरुंद, १५.६ मिलिमीटरची. आकडा वाढला की नळी लहान होते, याचा उलगडा एवढाच. अपवाद .४१० चा. तो आकडा थेट इंचातला व्यास आहे.

शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत मळसूत्रासारख्या खाचा कोरलेल्या असतात आणि त्या गोळीला स्वतःभोवती गरगर फिरवतात. ही फिरकीच गोळीला सरळ ठेवते. गुळगुळीत नळीतून निघालेल्या गोळीला ती मिळत नाही. स्लगच्या, म्हणजे छर्र्यांऐवजी भरायच्या एकाच जड गोळीच्या रचनेतली सगळी हुशारी या एका उणिवेवर मात करण्यासाठी खर्ची पडली आहे.

पुंगळीच्या आत

बारा बोअरचे काडतूस उभे कापले तर थर दिसतात. तळाला धातूची वाटी, तिच्या मध्यभागी प्रायमर, म्हणजे जुन्या लोकांची 'टोपी'. घोड्याचा घाव बसला की ती पेटते. त्याच्या पुढे दारू. दारूवर प्लॅस्टिकचे किंवा नमद्याचे बूच, त्याला वॅड म्हणतात. वॅड मागचा वायू पुढे निसटू देत नाही आणि गोळीला धक्का देतो. त्यावर छर्रे किंवा एकच गोळी. शेवटी पुंगळीचे तोंड दुमडून बंद केलेले.

या सगळ्यांत वॅडकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. पण वायू नीट अडला नाही तर प्रत्येक गोळीचा वेग वेगळा येतो आणि स्लगच्या खाली चुकीचा वॅड असेल तर तो गोळीच्या पोकळ बुडात घुसून तिचा आकारच बिघडवतो. तोंडाची दुमडसुद्धा नुसते झाकण नाही. ती किती घट्ट आहे यावर दारू पेट घेताना सुरुवातीचा दाब किती चढेल हे ठरते.

ही दारू दिवाळीच्या फटाक्यातली काळी दारू नव्हे. १८८४ साली पॉल व्हिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी दारू बनवली, आजच्या काडतुसांत तिचीच वंशावळ आहे. पुढचा सगळा धोका समजून घ्यायला हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

छर्रे की एकच गोळी?

ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट या प्रकारांत हवेत उडणारी मातीची तबकडी फोडायची असते. तिचा व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. त्यासाठी बारीक छर्रे लागतात. नियमानुसार काडतुसातले छर्रे २४.५ ग्रॅमच्या वर नसावेत आणि एका छर्र्याचा व्यास २.६ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. चोवीस ग्रॅममध्ये असे तीनशेच्या आसपास छर्रे मावतात. ते पसरत जातात आणि तबकडीला गाठतात.

स्लग म्हणजे या सगळ्या छर्र्यांऐवजी एकच जड गोळी. साधारण २८ ग्रॅमची, नळीतून सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास वेगाने सुटणारी. ऑलिंपिकमध्ये स्लगचा प्रकार नाही. पळत, वळत, वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्ये टिपायच्या 'प्रॅक्टिकल' नेमबाजीत, म्हणजे आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शॉटगन स्पर्धांत, बारीक छर्रे, मोठे छर्रे आणि स्लग अशा तिन्ही काडतुसांचे टप्पे असतात. अमेरिकेत त्याला आणखी एक कारण मिळाले. तिथल्या काही राज्यांत दाट वस्तीच्या भागात हरणाच्या शिकारीला रायफल चालत नसे, कारण तिची गोळी फार लांब जाते. तिथे स्लग चालायचा. त्यामुळे तो बनवण्याचा, सुधारण्याचा आणि घरी भरण्याचा छंद तिकडे रुजला.

आता फिरकीचा प्रश्न. फिरकी नसलेली गोळी हवेत कोलांट्या खाऊ नये म्हणून काय करायचे? १८९८ साली जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी भरीव गोळीच्या मागे हलका वॅड पक्का जोडला. तो गोळीबरोबरच उडत जातो आणि शेपटासारखे काम करतो. १९३१ मध्ये अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी गोळी मागून पोकळ केली, म्हणजे सगळे वजन नाकाकडे आले. बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी बुचाची बाजू पुढे करूनच उडते, तेच तत्त्व. जड बाजू पुढे, हलकी मागे, आणि हवा स्वतःच तिला सरळ ठेवते.

अशा अनेक स्लगच्या अंगावर तिरक्या खाचा असतात. 'या खाचांमुळे गोळी रायफलसारखी फिरते' असे दुकानदारही सांगतात, ते खरे नाही. फिरकी मिळालीच तर ती इतकी मंद असते की तिने गोळी स्थिर होत नाही. खाचांचा मुख्य उपयोग निराळा आहे. बऱ्याच शॉटगनच्या तोंडाशी नळी किंचित अरुंद केलेली असते, तिला चोक म्हणतात. सर्वांत घट्ट चोक सुमारे एक मिलिमीटरने अरुंद असतो. छर्रे त्यातून सहज वाट काढतात, पण अखंड शिशाची गोळी अडू शकते. अंगावर खाचा असल्या की मऊ शिशाला आत दबायला जागा मिळते. तरीही स्लगसाठी चोक मोकळाच ठेवतात.

तिसरा प्रकार सॅबो स्लगचा. यात नळीपेक्षा लहान गोळी प्लॅस्टिकच्या दोन पाळ्यांत बसवलेली असते आणि ती खाचा कोरलेल्या खास नळीतूनच मारायची असते. तिथे खरी फिरकी मिळते आणि अचूकताही बरीच वाढते. गुळगुळीत नळीतून हे महागडे काडतूस मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

ओतण्यात काय साधायचे असते?

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. धातूंच्या जगात हे तापमान अगदी कमी आहे, म्हणून ते घरच्या शेगडीवरही वितळते आणि म्हणूनच लोकांना ते सोपे वाटते. शुद्ध शिसे नखानेही ओरखडते. त्यात अँटिमनी मिसळले की ते कडक होते आणि थोडे कथील घातले की साच्याचे कोपरे नीट भरतात. चोकमधून जायची फॉस्टर गोळी मऊच हवी. वॅडच्या वाटीत बसणारी गोळी थोडी कडक चालते.

स्पर्धेसाठी ओतणारा माणूस या सगळ्यात एकच गोष्ट शोधत असतो, ती म्हणजे एकसारखेपणा. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. धातूत मळी राहिली तर आत पोकळी राहते आणि ती बाहेरून दिसत नाही. फिरणाऱ्या गोळीत असा दोष थोडा खपून जातो, कारण गोळी फिरताना जड बाजू सगळीकडे सारखी येत राहते. न फिरणाऱ्या स्लगमध्ये ती सोय नाही. एक बाजू जड असेल तर गोळी जाताना तिकडेच ओढली जाते. त्यामुळे हे लोक ओतलेली प्रत्येक गोळी तोलतात आणि वजनात न बसणाऱ्या गोळ्या परत कढईत टाकतात. त्यांच्या या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण या चिकाटीने गोळी सुधारते. काडतूस सुरक्षित होण्यासाठी लागणारी गोष्ट वेगळी आहे.

खरा प्रश्न दाबाचा

युरोपीय मानकानुसार बारा बोअरच्या साध्या काडतुसाचा दाब ७४० बारपर्यंत जाऊ दिला जातो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या सातशे पटीहून अधिक. हा आकडा मोठा वाटेल, पण आधुनिक रायफलच्या काडतुसात तो चार हजारांच्या घरात असतो. शॉटगनची नळी रुंद आणि पातळ असते, ती या कमी दाबासाठीच बनवलेली असते. 'बारा बोअर दणकट, काहीही सोसते' हा समज त्यामुळे उलटा आहे. सोसण्याची तिची मर्यादा रायफलपेक्षा कितीतरी खाली आहे.

धूरविरहित दारूचा स्वभाव असा की दाब वाढला की ती आणखी जलद जळते, आणि जलद जळली की दाब आणखी वाढतो. हे चक्र सेकंदाच्या हजाराव्या भागात घडते. कारखाना काय करतो? दाण्यांचा आकार आणि त्यांच्यावरचा लेप बदलून हा वेग आवरतो आणि गोळीचे वजन, वॅड, पुंगळी, प्रायमर असे सगळे एकमेकांशी जुळवतो. यातली एक गोष्ट बदलली तरी ताळमेळ बदलतो. गोळी थोडी जड झाली, पुंगळी आतून थोडी लहान निघाली, नुसता प्रायमर दुसऱ्या कंपनीचा आला, तरी दाब बराच चढू शकतो. शिवाय मंद आणि जलद जळणाऱ्या दारू दिसायला सारख्या असतात. डोळ्यांनी ओळखून चालत नाही.

दाब कमी पडला तरी संकटच. कमजोर बार झाला की वॅड नळीतच अडकतो. वर आवाज थोडा बसका येतो, माणसाला वाटते काडतूस सर्दले होते. तो पुढचे भरतो, मारतो, आणि नळी फुटते.

नागपूरकरांनी यात आपला उन्हाळाही धरावा. तापलेली दारू जलद जळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. थंड देशातल्या माणसाने आपल्या गॅरेजमध्ये बेतलेले प्रमाण इथे तसेच वागेल असे धरता येत नाही. विकतची काडतुसेही म्हणूनच गाडीच्या डिकीत ठेवायची नसतात.

आणि हा दाब मोजायचा कसा? कारखान्यात खास नळ्या आणि दाबमापक असतात. घरी काहीच नसते. रायफलचे काही जाणकार वापरलेल्या पुंगळीवरच्या खुणा पाहून अंदाज बांधतात. शॉटगनमध्ये अशा खुणा उमटेपर्यंत दाब मर्यादेच्या फार पुढे गेलेला असतो.

'परदेशात हजारो लोक करतातच ना?'

करतात, आणि बहुतेक जण सुखरूपही असतात. पण ते काय करतात ते नीट पाहावे. ते स्वतः प्रमाण ठरवत नाहीत. तिथले दारू बनवणारे कारखाने प्रयोगशाळेत दाब मोजून तपासलेली कोष्टके छापतात, कुठल्या पुंगळीत कुठला प्रायमर, कुठला वॅड, किती वजनाची गोळी, अगदी नावानिशी. छंदी माणूस त्या कोष्टकाबाहेर जात नाही. त्या कोष्टकातली प्रत्येक वस्तू त्याला दुकानात तशीच मिळते. आपल्याकडे ती साखळीच नाही. कोष्टक एका देशाचे, पुंगळी दुसऱ्या कारखान्याची, दारू कुठून आली हे माहीत नाही, अशी मोट बांधली तर परदेशातल्या अनुभवाचा आधारच उरत नाही.

ज्यांच्या हाती सगळी साधने असतात त्यांनाही हा पदार्थ माफ करत नाही, याची आठवण विदर्भाला नव्याने करून द्यायला नको. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. ती माणसे याच कामात मुरलेली होती.

'पण बंदुकीचा परवाना आहे ना माझ्याकडे?'

हा गैरसमज फार पसरलेला आहे. शस्त्र कायदा १९५९ मध्ये दोन वेगळे परवाने आहेत. कलम ३ खाली बंदूक आणि काडतुसे बाळगण्याचा परवाना मिळतो. किती काडतुसे घेता येतील ते त्या परवान्यावर लिहिलेले असते. काडतूस बनवणे कलम ५ खाली येते आणि त्याचा परवाना पूर्णपणे वेगळा. पहिला आहे म्हणून दुसऱ्याचे काम करता येत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कायद्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या. तिच्यात तयार काडतूस तर येतेच, शिवाय त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे 'मी तर फक्त मशीन मागवली, भरले काहीच नाही' हा बचाव टिकायला कठीण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप इतकी झाली आहे. व्हिडिओ पाहून उत्साहात एखादी वस्तू ऑनलाइन मागवणाऱ्या विद्यार्थ्याला याची कल्पनाही नसते. म्हणून पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे.

दारू स्फोटकांच्या कायद्यातही येते. तो कायदा १८८४ चा, आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे 'पेसो'चे देशाचे मुख्यालय आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच आहे. फटाक्यांच्या कारखान्यापासून खाणीतल्या सुरुंगापर्यंत सगळ्या देशाच्या स्फोटकांचे नियम ज्या गावातून चालतात, त्या गावात तरी हे अज्ञान नसावे.

खेळाडूंवर हा कायदा जाचक आहे का? माझ्या मते काही ठिकाणी आहे. ट्रॅपच्या प्राथमिक फेरीतच १२५ तबकड्या असतात आणि एकेकीवर दोन बार मारता येतात. सराव करणाऱ्याला वर्षाला किती काडतुसे लागत असतील याचा हिशेब करा. ती स्वस्त आणि वेळेवर मिळावीत ही मागणी खेळाडूंनी जोरात करावी. पण तिचे उत्तर देशातल्या कारखान्यांनी चांगली काडतुसे बनवणे हे आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, त्याची बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसे शेतकऱ्यांनाही ठाऊक आहेत. स्पर्धेच्या दर्जाचे काडतूस इथे बनू शकत नाही असे मानायला मी तयार नाही.

वाड्यातल्या दुनळ्या आणि शेतावरच्या भरमारी

काटोल, उमरेड, रामटेक या बाजूंना जुन्या मालगुजारी घरांत विलायती दुनळ्या अजून आहेत. त्यांच्यासाठी स्लगचा विषय खेळाचा नाही, जिवाचा आहे.

काही जुन्या इंग्रजी बंदुकांच्या नळीवर 'नॉट फॉर बॉल' अशी इंग्रजी मोहोर असते. या नळीला चोक आहे, हिच्यातून अखंड गोळी मारू नका, असा तिचा अर्थ. काही नळ्यांवर लाटांसारखी सुंदर नक्षी दिसते. ती दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली, काळ्या दारूच्या काळातली. आजची काडतुसे तिच्यात भरू नयेत. जुन्या बंदुकांचे घर, म्हणजे नळीत मागे काडतूस बसायची जागा, अनेकदा ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचे असते आणि आजचे काडतूस ७० मिलिमीटरचे. ते आत जाते, झाकण लागते, सगळे ठीक वाटते. पण बार झाल्यावर दुमडलेले तोंड उघडायला पुढे पुरेशी जागा नसते आणि दाब चढतो.

वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या बंदुकीत चुकून गेले तर ते घसरत पुढे जाऊन नळीत अडकते. मागून पाहिले तर घर रिकामे दिसते. मग माणूस बारा बोअरचे भरतो. हा अपघात इतका ओळखीचा आहे की वीस बोअरच्या पुंगळ्या जगभर पिवळ्या रंगात बनवतात. घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसे एका डब्यात ठेवू नयेत.

ठासणीच्या बंदुकीबद्दल, म्हणजे भरमारीबद्दल तर कळकळीने सांगावेसे वाटते. रानडुकरे आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात, आणि कायद्यातही पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ही बंदूक फक्त काळ्या दारूसाठी असते. काडतूस फोडून त्यातली दारू भरमारीत ठासली तर मापाला ती तेवढीच दिसते, पण तिची ताकद कितीतरी पट असते. नळी हातात फुटते आणि जातात ती बोटे, डोळे.

शिसे अंगात जाते तेव्हा

बंदुकीशी संबंध नसलेल्यांनीही हा भाग वाचावा, कारण मासेमारीच्या जाळ्याला लावायची शिशाची वजने ओतणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत आणि भंगारातल्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणारी मुलेही आहेत.

लोकांना भीती वाफेची असते. प्रत्यक्षात वितळलेल्या शिशावर धरणारी मळी जास्त फसवी. ती वाळून बारीक पूड होते आणि हातावर, कपड्यांवर, फरशीवर बसते. तिथून ती जेवणाबरोबर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे, की शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित म्हणून ठाऊक नाही. तोंडावाटे गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेते. रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम शिसे सापडले तरी ते कुठून येते हे शोधून थांबवा, असे ही संघटना सांगते. ते हाडांत आणि दातांत साठून राहते. मोठ्यांना पोटदुखी, बद्धकोष्ठ, पंडुरोग होतो. मुलांची बुद्धी आणि लक्ष कायमचे कमी होते, आणि हे नुकसान भरून निघत नाही.

बापाने अंगणात शिसे ओतले आणि त्याच शर्टाने मुलाला उचलून घेतले, एवढ्यानेही हे घडू शकते.

पाण्याचा धोका वेगळा. वितळलेल्या शिशात ओलसर तुकडा पडला तर पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट फुगते आणि तापलेले शिसे तोंडावर उडते. बॅटरीतल्या शिशात आम्ल आणि इतर विषारी धातूही असतात, त्याला तर हातच लावू नये.

नेमबाजांनाही यातून सूट नाही. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते, त्यामुळे बंदिस्त रेंजवर प्रत्येक बार उडताना थोडे शिसे हवेत येते. रेंजवर खाऊ नये, निघताना साबणाने हात आणि तोंड धुवावे, ते कपडे वेगळे धुवावेत. नियमित सराव करणाऱ्या मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी असे मला वाटते.

युरोपीय संघाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत शिशाच्या छर्र्यांवर बंदी घातली, ती पक्ष्यांसाठी. पक्षी हे छर्रे खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. पर्याय म्हणून पोलादाचे छर्रे आले, पण पोलाद हलके आणि कडक, चोकमध्ये दबत नाही. काडतुसाचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

मग स्लगची आवड असेल तर?

पहिली अट जागेची. ट्रॅपच्या रेंजवर स्लग मारता येत नाही. बारीक छर्रे दोन-सव्वादोनशे मीटरच्या आत पडून जातात, म्हणून तिथे पुढे मोकळे मैदान ठेवलेले असते. स्लग त्याच्या कितीतरी पुढे जातो. त्याला मागे मातीचा उंच बांध असलेली आणि स्लगसाठी मान्यता असलेलीच रेंज लागते. शेतात, तलावाच्या काठी, विटभट्टीच्या मागे सराव करण्याचा विचारही करू नये.

दुसरे, अचूकता विकतच्या काडतुसांतूनही मिळवता येते. एकाच बंदुकीला एक कंपनीचा स्लग मानवतो आणि दुसऱ्याचा मानवत नाही, यामागे नळीचा नेमका व्यास, चोक आणि गोळीचा मऊपणा यांचा मेळ असतो. ५० मीटरवर टेकू लावून प्रत्येक प्रकारच्या पाच-पाच गोळ्या मारा आणि कागदावरच्या भोकांमधले अंतर मोजा. ज्याची भोके जवळ पडतील ते काडतूस तुमचे. मग खोक्यावरचा लॉट क्रमांक लिहून घ्या आणि परवान्याच्या मर्यादेत त्याच लॉटची काडतुसे एकदम घ्या, कारण लॉट बदलला की दारूही थोडी बदलते. घरी ओतणारा जो एकसारखेपणा कढईत शोधतो, तो इथे दुकानदाराच्या कपाटातून मिळतो.

आणि घरात आजोबांच्या वेळची हिरवी पडलेली, फुगलेली काडतुसे सापडली तर ती फोडू नका, मारून पाहू नका, नागनदीत किंवा कचऱ्यात टाकू नका. परवाना कुणाच्या नावावर होता ते कागद शोधा, जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा आणि ती कशी जमा करायची ते ठाण्यातूनच लेखी घ्या.